नागरिकत्वाची धुळाक्षरे

जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतील एकेका रविवारी गोव्याच्या खेड्यापाड्यांत ग्रामसभा भरते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील अशा सभा आम्ही मागच्या बाकावर बसून अनेकदा पाहिल्या आहेत. सभेची वेळ दहाची असते. साडेदहा वाजले तरी खुर्च्या रिकाम्या असतात. गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब होते आणि थोड्या वेळाने त्याच जागी, जवळजवळ तितक्याच माणसांत, पुन्हा सुरू होते. सचिव मागील सभेचे इतिवृत्त वाचतो, ते कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. जमाखर्च वाचला जातो, त्यावर कोणी प्रश्न विचारीत नाही. गटारावरून अथवा कुंपणावरून दोघांची जुंपते, आणि जेवणाची वेळ झाली की सभा आटोपते. उद्या त्याच गावात डोंगर कापणारे यंत्र येऊन उभे राहिले, तर मात्र हीच माणसे शेकड्यांनी रस्त्यावर उतरतात, घोषणा देतात, पोलिसांना सामोरी जातात. त्या वेळी त्यांना सांगण्यात येते की, ज्या कागदाच्या आधारे हे यंत्र आले तो कागद सर्वांना पाहण्यासाठी ठेवलेला होता आणि हरकती घेण्याची मुदत केव्हाच टळून गेली आहे.

आमच्या माणसांत धैर्याची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. गावाविषयीचे प्रेमही कमी नाही. उणीव आहे ती शिक्षणाची. हे शिक्षण शाळा-महाविद्यालयांत मिळते ते नव्हे. ते तर आता घरोघर पोहोचले आहे, आणि तरीही पदवीधर मुलाला आपल्या पंचायतीचा ठराव कसा मांडावा हे ठाऊक नसते. सूचना वाचणे, मुदत मोजणे, अर्ज लिहिणे, नोंद ठेवणे, चार माणसे जमवणे आणि जमलेली टिकवणे, ही नागरिकत्वाची धुळाक्षरे आहेत. ती आम्ही कधी गिरवलीच नाहीत. मतदार होण्यासाठी वयाची अठरा वर्षे पुरी झाली की पुरते. नागरिक व्हावयाचे तर ते शिकावे लागते, आणि शिकवणारा कोणीतरी असावा लागतो.

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. १८ जून १९४६ रोजी मडगावच्या मैदानावर डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझीस यांनी पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले, ते कशासाठी? त्या दिवशीची पहिली मागणी सभा भरवण्याच्या आणि बोलण्याच्या हक्काची होती. ज्या राजवटीत लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे, त्या राजवटीत दहा माणसांनी एकत्र बसून गावच्या कारभाराविषयी चार शब्द बोलणे हा गुन्हा होता. लोहियांना भाषण पुरे करू दिले गेले नाही. त्यांना पकडून नेले. परंतु त्या अर्धवट राहिलेल्या भाषणाने जे काम केले ते पुऱ्या झालेल्या शेकडो भाषणांनी केले नसते. पुढे १९५५ च्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही सरहद्दीवर चालून आले. पेडणे तालुक्याच्या उंबरठ्यावर पत्रादेवीला पंजाबातील ईसडू गावचा कर्नेलसिंग नावाचा तरुण गोळी लागून पडला. गोव्याशी त्याचे नाते काय? ना त्याचे येथे घर, ना शेत. गोमंतकीयांना सभा भरवता यावी, बोलता यावे, आपला कारभार आपण चालवता यावा, एवढ्यासाठी तो येथवर आला होता.

तो हक्क मिळाला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये पंचायतीचा कायदा आला आणि निवडणुका झाल्या. पुढील वर्षी, डिसेंबर १९६३ मध्ये, विधानसभेची पहिली निवडणूक झाली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. त्या कौलाच्या वेळी दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते वाड्यावाड्यांवर हिंडले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीच्या मुलखात विलीनीकरणाच्या बाजूने जो उत्साह दिसला, त्यात अक्षरशत्रू माणसेही हिरीरीने वाद घालताना दिसत. कोणती बाजू बरोबर होती याची चर्चा आज येथे करण्याचे कारण नाही. आम्हांला त्यातून एवढेच घ्यावयाचे आहे की, गोमंतकाच्या खेड्यांना राजकारणाचे शिक्षण मिळण्याची ती एक मोठी संधी होती. निकाल लागला, कार्यकर्ते घरोघर परतले, आणि ती शाळा बंद पडली. त्यानंतर राजकीय पक्ष गावात आले ते दर पाच वर्षांनी मत मागण्यासाठी. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात नागरिकाने काय करावयाचे असते, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही. कशाला वाटेल? न शिकलेला मतदार सगळ्यांनाच सोयीचा असतो.

पेडणे तालुक्याचेच उदाहरण घेऊ. मोपाच्या पठारावर आज मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि नव्या वर्षाच्या आरंभी तेथून विमाने उडू लागली. विमानतळ हवा होता की नको, यावर गोव्यात दोन तट होते आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. आमचा मुद्दा निराळा आहे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या परिसरातील ज्या कुटुंबांच्या काजूच्या बागा आणि चराऊ कुरणे त्या पठारावर होती, त्यांना त्या साऱ्या प्रक्रियेत आपले म्हणणे कोठे आणि कसे मांडावे हे कितपत ठाऊक होते? १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात हरकत नोंदवण्यास तीस दिवसांची मुदत असे. ते तीस दिवस तलाठ्याकडे एक-चौदाचा उतारा काढण्यातच निघून जात. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, केवळ वहिवाट आहे, त्याने काय करावे हे सांगणारे कोणी नसे.

२०१५ च्या फेब्रुवारीत विमानतळासंबंधी जनसुनावणी झाली. लोक तेथे गेले, बोलले. पुढे काही स्थानिक नागरिक आणि पर्यावरणरक्षणाचे काम करणारी एक संस्था यांनी तो विषय हरित लवादापुढे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित केला. प्रकल्पाच्या अर्जात आसपासच्या वनक्षेत्राची पूर्ण माहिती दिलेली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने आपल्या शिफारशीमागची कारणे नोंदवली नव्हती, असे न्यायालयाला आढळले. पुढे फेरविचार होऊन, अटी घालून, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. विमानतळ झाला. परंतु देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला जी उणीव दिसली, ती दिसण्यासाठी कोणीतरी तो जाडजूड अहवाल पानन्‌पान वाचला होता. मोर्चाने जे साधले नाही ते, काही काळ का होईना, त्या वाचनाने साधले. या गोष्टीचा विचार आंदोलन करणाऱ्या प्रत्येकाने केला पाहिजे.

२०२३ मध्ये पेडण्यात आणखी एक वादळ उठले. तालुक्याच्या विभागनियोजनाचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि त्यात शेतजमिनी, डोंगरउतार वसाहतीसाठी दाखवल्याचे लोकांच्या लक्षात आले. गावोगाव सभा झाल्या, तालुक्याच्या आमदारांनाही लोकांबरोबर उभे राहावे लागले आणि तो मसुदा बाजूला ठेवणे सरकारला भाग पडले. हा लोकशक्तीचा विजय होता यात शंका नाही. तथापि, बाजूला ठेवलेले कागद पुन्हा पुढे येतात, हा आमचा जुना अनुभव आहे. २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या जानेवारीत तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी विशेष आर्थिक क्षेत्रेही रद्द करण्याची घोषणा झाली. केवढा तो जल्लोष! परंतु जमिनीचे रूपांतर थांबले का? ते दुसऱ्या कलमाने, दुसऱ्या दाराने सुरूच राहिले. नगरनियोजन कायद्याच्या १७ (२) या कलमाखालील नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, तेही काही जागरूक नागरिक आणि संस्था न्यायालयात गेल्या म्हणून. जमाव एका दिवसाचा असतो. फाईल बारा महिने चालत असते. जमाव घरी गेल्यावर फाईलवर लक्ष कोण ठेवणार?

आता डिचोलीकडे वळू. मये गावाची कथा साऱ्या गोव्याने मुखोद्‌गत करावी अशी आहे. पोर्तुगीज राजवटीत या गावची जमीन एका सरदार घराण्याकडे होती. मयेचा काउंट म्हणून तो ओळखला जाई. मुक्तीनंतर ते घराणे येथे राहिले नाही आणि १९६४ च्या कायद्याने ती जमीन निर्वासितांची मालमत्ता ठरून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे ती जमीन कसत होती, ज्यांची घरे तेथे होती, ज्यांच्या कुलदैवतांचे दिवे तेथे तेवत होते, ती मुक्त गोव्यात आपल्याच घरात परकी ठरली. घराची दुरुस्ती करावयाची, मुलाच्या नावे दोन खोल्या वाढवावयाच्या, तर कस्टोडियनच्या कार्यालयाचा उंबरठा झिजवावयाचा. साऱ्या गोव्याची मुक्ती १९६१ ला झाली, आमची झालीच नाही, असे मयेकर म्हणत, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

या गावाने काय केले? भूविमोचनाची मागणी घेऊन नागरिकांची कृती समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, धरणी झाली, निवडणुकांच्या वेळी उमेदवारांना जाब विचारले गेले. पण आमच्या मते या लढ्याचे खरे बळ दुसरीकडे होते. तो विषय गावाने विसरू दिला नाही. एका पिढीने अर्ज केले, दुसऱ्या पिढीने त्या अर्जांच्या नकला जपल्या, तिसरीने त्या घेऊन मंत्रालय गाठले. सरकारे बदलली, मागणी बदलली नाही. अखेर २०१४ मध्ये विधानसभेने जुन्या पोर्तुगीज देणग्या आणि मालकीहक्क रद्द करणारा कायदा केला आणि मयेकरांना सनदा देण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६४ ते २०१४, पन्नास वर्षे! यात अभिमानाची गोष्ट आहे तशी खेदाचीही आहे. त्या गावाला पहिल्याच दशकात कोणी कायद्याचे शिक्षण दिले असते, आपल्या हक्काचा कागद कसा उभा करावा हे शिकवले असते, तर इतक्या माणसांना परक्याच्या घरात डोळे मिटावे लागले नसते.

मयेच्या शेजारीच शिरगाव आहे. लईराईच्या जत्रेला हजारो धोंड अनवाणी येतात ते हे गाव. त्या गावाच्या भोवती खाणींचे खंदक भूजलाच्याही खाली गेले आणि विहिरी-झऱ्यांना ओहोटी लागली. ज्या वर्षांत खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत होते, त्या वर्षांत बोलणाऱ्याची संख्या थोडी होती; कारण ट्रक गावातल्याच माणसाने कर्ज काढून घेतलेला होता. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबवले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यास पुन्हा सारे ठप्प झाले. पाणी गेले तेव्हाही गाव असंघटित होते, रोजी गेली तेव्हाही असंघटितच राहिले. पुढे लिलावात गेलेल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यासाठी २०२३ मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा मात्र देवळे, घरे, तळी खाणपट्ट्यातून वगळा, असे लोकांनी ठामपणे सांगितले. लोक शिकतात, फार मोठी किंमत मोजून शिकतात.

आणखी एक गोष्ट. २०१५ मध्ये केंद्रीय खाणकायद्यात दुरुस्ती होऊन खाणग्रस्त भागांसाठी जिल्हा खनिज निधीची तरतूद झाली. जुन्या पट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावात गेलेल्या पट्ट्यांच्या दहा टक्के रक्कम या निधीत जमा व्हावयाची असते. आणि ती खाणीमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर खर्च व्हावयाची असते. डिचोली तालुक्यातील पाळी, वेळगे, सुर्ला, मुळगाव, लामगाव, शिरगाव या गावांच्या ग्रामसभांत या निधीचा हिशेब किती वेळा मागितला गेला? ज्याने मागितला असेल त्याला आमचा नमस्कार. ज्याने मागितला नाही त्याला दोष देऊन उपयोग नाही. असा निधी आहे हेच त्याला कोणी सांगितले नसेल.

येथे काही वाचक म्हणतील, "राजकारणात पडावयाचे कशाला? ते सज्जनांचे काम नव्हे." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, ते कोणी पसरवले असेल याविषयीच आम्हांला कुतूहल वाटते. पिण्याचे पाणी, शेताचा बांध, शाळेचे छप्पर, डोंगरावरची झाडे यांचा निर्णय म्हणजेच राजकारण. सज्जन त्यातून बाहेर राहिले म्हणून निर्णय व्हावयाचे थांबत नाहीत. ते दुसरे कोणी घेतात एवढेच. दुसरे काही म्हणतील की, सरकार प्रशिक्षण देतेच आहे. खरे आहे; जुन्या गोव्याजवळ एला येथील संस्थेत पंच-सरपंचांसाठी वर्ग भरतात. ते भरावेतही. पण निवडून आलेला पंच शिकला आणि त्याला निवडून देणारा अडाणी राहिला, तर त्या शिक्षणाचा उपयोग कोणासाठी होईल हे सांगावयास नको.

जगात ज्यांनी ज्यांनी लोकांना उभे केले, त्यांनी आधी त्यांना शिकवले आहे. १९३० साली गांधीजी दांडीला निघाले ते अठ्ठ्याहत्तर सहकाऱ्यांना घेऊन. हाक दिली असती तर आठ हजार आले असते. पण त्यांनी आश्रमातील, वर्षानुवर्षे शिस्तीत वाढलेली माणसे निवडली. पत्रादेवीचा सत्याग्रह झाला त्याच १९५५ साली अमेरिकेत रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्याचे नाकारले. थकलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने अचानक केलेले बंड, अशी ती गोष्ट सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, त्या कित्येक वर्षे संघटनेचे काम करीत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर नावाच्या लोकशाळेत जाऊन शिकून आल्या होत्या. त्याच शाळेच्या प्रेरणेने १९५७ मध्ये जॉन्स बेटावर नागरिकत्वाचा पहिला वर्ग सुरू झाला. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेआड, प्रौढ शेतमजूर आणि कोळी मतदारनोंदणीचा अर्ज भरावयास शिकले. शिकवणारी बाई केशरचनेचा व्यवसाय करणारी होती. शिक्षिका म्हणून तिला कोणतीही पदवी नव्हती. पुढे असे वर्ग साऱ्या दक्षिण अमेरिकी राज्यांत पसरले आणि लाखो माणसांच्या हाती मताचा अधिकार खऱ्या अर्थाने आला.

इतक्या दूर जावयाचे नसेल तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव पाहावे. या चिमुकल्या गावाने दोन वेगळ्या बैठका ठेवल्या. एक अभ्यासगटाची आणि दुसरी ग्रामसभेची. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरचा जाणकारही यावा, विषय समजून घ्यावा, वाद घालावा. मात्र निर्णय तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही मताधिक्याने नव्हे, सर्वसहमतीने. वर्षानुवर्षे असा अभ्यास केलेले गाव २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा तयार होते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. कायदा सर्वांसाठी आला होता. ज्यांनी आधी अभ्यास केला होता त्यांना तो आधी उपयोगी पडला.

मग पेडणे-डिचोलीच्या प्रत्येक गावात असा अभ्यासगट का असू नये? त्याला इमारत नको, अनुदान नको. वाचनालयाचा ओटा, देवळाचा सभामंडप, शाळेची रविवारची रिकामी खोली पुरे. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेला कारकून, कायद्याचा अभ्यास करणारी गावची मुलगी, बचतगटाचे हिशेब चोख ठेवणाऱ्या बायका, असे दहा-बारा जण पंधरवड्यातून एकदा बसले तरी काम सुरू होईल. काय शिकावे? पहिल्या महिन्यात पंचायतीचा जमाखर्च वाचावा. दुसऱ्या महिन्यात आपल्या गावचा नकाशा आणि एक-चौदाचे उतारे समोर ठेवून कोणती जमीन कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते पाहावे. तिसऱ्या महिन्यात मुदती पाठ कराव्यात: जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, प्रकल्पाचा अहवाल लोकांना पाहण्यास ठेवावा लागतो, २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घेण्यास साठ दिवस मिळतात. चौथ्या महिन्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहावयास शिकावे. गोव्याने हा कायदा केंद्राच्या आधी, १९९७ मध्येच केला होता, हे किती गोमंतकीयांना ठाऊक आहे? २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पाचव्या महिन्यात ठराव लिहावयास शिकावे: मागणी एक, भाषा स्पष्ट, सूचक-अनुमोदकांची नावे, आणि पुढील सभेत तो इतिवृत्तात जसाच्या तसा आला की नाही याची तपासणी. १९९४ च्या पंचायत कायद्याने ग्रामसभेला पंचायतीच्या कामांवर देखरेख समित्या नेमण्याचा अधिकार दिला आहे. सहाव्या महिन्यात ती समिती नेमून घ्यावी. सहा महिन्यांत हे गाव ओळखू येणार नाही.

संघटन कसे करावे हे आमच्या गावांना येत नाही, असे आम्हांला मुळीच म्हणावयाचे नाही. भजनी सप्ताहात अखंड चोवीस तास भजन चालते, कोणत्या वाड्याची पाळी केव्हा हे कागदावर लिहावेही लागत नाही. पेडण्याची पुनव असो, साळचे गडे असोत, मयेची माल्याची जत्रा असो. हजारो माणसे येतात, जेवतात, दर्शन घेतात, आणि त्यामागचा हिशेब, स्वयंसेवक, पाणी, दिवाबत्ती सारे गाव पाहते. हे संघटन नव्हे तर काय? मांडावर जमलेले गाव गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणते. देवापुढे ज्यांना एक आवाज सापडतो, त्यांना सचिवापुढे तो का सापडू नये? कौशल्य आहे, ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यावयाचे आहे.

मात्र नेताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मांडावर प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली असते. तेथे गावकर कोण, महाजन कोण, मानकरी कोण, आणि दूर उभे राहावयाचे कोणी, हे रूढीने ठरवले आहे. स्त्रियांना तर तेथे बहुधा आवाजच नसतो. ग्रामसभेत तसे नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद आहे. भाटकार तसाच मुंडकार, गावकर तसाच वाड्याच्या टोकाला राहणारा कष्टकरी, सासू तशीच सून. गावाच्या इतिहासात सर्वांना एका पातळीवर बसवणारी ही पहिली सभा आहे. ती दुबळी राहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्या मनात कदाचित तीच गोष्ट खुपत असेल. अभ्यासगटात जर ठरावीक चार घरांतीलच माणसे बसली, तर त्यातून नवा भाटकार निर्माण होईल, जमिनीचा नव्हे तर माहितीचा. तेवढे घडू देऊ नये.

दुसरे पथ्य पक्षांविषयीचे. अभ्यासगटात सर्व पक्षांचे लोक यावेत, पक्षाचा झेंडा मात्र दाराबाहेर राहावा. मते भिन्न असतील, असावीतच. विमानतळ हवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, खाण चालावी म्हणणारा ट्रकवाला आणि विहीर आटलेला शेतकरी, यांनी एकच कागद एकत्र बसून वाचला, तर भांडण संपणार नाही, पण ते खऱ्या गोष्टींवर होईल. आज आम्ही अफवांवर भांडतो आणि निर्णय तिसराच घेऊन जातो.

या कामात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, आणि तो आम्ही पुरता उचललेला नाही हे कबूल केले पाहिजे. मोर्चाचे छायाचित्र आम्ही पहिल्या पानावर छापतो. हरकतीची मुदत संपत आल्याची सूचना आतल्या पानावर बारीक टाइपात जाते. गावाला कोणत्या बातमीचा उपयोग अधिक होता, याचा विचार आमच्या व्यवसायबंधूंनी आणि आम्हीही करावयास हवा.

पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी आम्ही दरवर्षी फुले वाहतो. बिगुल वाजतो, भाषणे होतात, आणि मोटारी पणजीच्या दिशेने परत फिरतात. ज्या हक्कासाठी तेथे रक्त सांडले, तो हक्क वर्षातून चार रविवारी गावागावांत रिकाम्या खुर्च्यांच्या रूपाने आमची वाट पाहत असतो. त्या हुतात्म्यांना अभिवादन करावयाचे असेल, तर येत्या ग्रामसभेला वेळेवर जावे, मागील सभेचे इतिवृत्त कान देऊन ऐकावे आणि त्यात जे चुकले असेल ते उभे राहून, शांतपणे, नोंदवून घ्यावे. जाताना शेजारच्या घरातील एका तरुणाला बरोबर न्यावे. धुळाक्षरे अशीच गिरवली जातात, मोठ्या माणसाने लहानाचा हात धरून.